राष्ट्राध्यक्ष चढले की विमानाचं नाव बदलतं: कॉल साइनची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना झालेलं 'अं... म्हणजे...' तेवढं गाळलंय, बाकी मजकूर तोच.

सुरुवात एका प्रश्नाने करू. 'एअर फोर्स वन' हे कुठल्या विमानाचं नाव आहे?

दहापैकी नऊ जण सांगतील, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं ते निळं-पांढरं जंबो. उत्तर चुकलं. एअर फोर्स वन हे कुठल्याच विमानाचं नाव नाही. अमेरिकी हवाई दलाच्या ज्या विमानात राष्ट्राध्यक्ष त्या क्षणी बसलेले असतील, त्या विमानाने रेडिओवर स्वतःची ओळख सांगताना वापरायचं ते संबोधन आहे. ते जिना उतरून गेले की तेच जंबो दुसऱ्या नावाने उडतं.

पटत नसेल तर २७ एप्रिल २००९ ची घटना बघा. न्यूयॉर्कवर ते जंबो अगदी खाली उतरून फिरत होतं आणि मागे एक लढाऊ विमान लागलं होतं. ११ सप्टेंबर २००१ विसरणं त्या शहराला शक्यच नव्हतं. लोक ऑफिसच्या इमारतींतून बाहेर पळाले. हे नेमकं काय चाललंय, तर विमानाचे फोटो काढायचे होते! या प्रकरणात व्हाइट हाउसच्या लष्करी कार्यालयाचे प्रमुख लुई काल्डेरा यांना राजीनामा द्यावा लागला. बातम्यांचे मथळे 'एअर फोर्स वन न्यूयॉर्कवर' असे होते. पण ओबामा त्यात नव्हते, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ते विमान त्या वेळी एअर फोर्स वन नव्हतंच.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हे सगळं डेटाबेससारखं दिसतं. विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक म्हणजे विमानाचा आधार नंबर. कॉल साइन म्हणजे आज, या फेरीपुरतं ठेवलेलं नाव. आधार नंबर विमानाला चिकटलेला असतो, कॉल साइन फेरीला. आता हे नाव ठरतं कसं ते बघू, कारण राष्ट्राध्यक्षांचं विमान म्हणून काही वेगळं शास्त्र नाही. सगळ्यांना असलेल्या नियमातच ते थोडं वाकवून बसवलंय.

आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटना, म्हणजे आयकाओ, कॉल साइनचे तीन प्रकार मानते. पहिला, सरळ विमानाचा नोंदणी क्रमांक. भारतातली नागरी विमानं 'व्हीटी' ने सुरू होतात, तेव्हा पायलट 'व्हिक्टर टँगो' म्हणून पुढची अक्षरं म्हणतो. छोटी खासगी विमानं असंच करतात. दुसरा प्रकार, कंपनीचं रेडिओवरचं नाव आणि त्याला जोडून नोंदणी क्रमांकातली शेवटची चार अक्षरं. तिसरा प्रकार आपल्या रोजच्या पाहण्यातला, कंपनीचं रेडिओवरचं नाव आणि पुढे फेरीचा क्रमांक.

हे रेडिओवरचं नाव मोठं गमतीशीर प्रकरण आहे. तुमच्या इंडिगोच्या बोर्डिंग पासवर 'सिक्स ई' असतं, पण मुंबईच्या टॉवरशी बोलताना तोच पायलट 'आयफ्लाय' म्हणतो. ब्रिटिश एअरवेज 'स्पीडबर्ड' होते. एअर इंडिया मात्र 'एअर इंडिया'च. प्रत्येक कंपनीला आयकाओकडून तीन अक्षरी कोड आणि हे बोलायचं नाव मिळतं. एअर इंडियाचा कोड एआयसी, इंडिगोचा आयजीओ. हवाई दलांनाही असेच कोड असतात. कोड आणि क्रमांक मिळून फ्लाइट प्लॅनच्या फॉर्ममधल्या सातव्या रकान्यात बसतात आणि त्या रकान्यात जास्तीत जास्त सात अक्षरं मावतात. माझ्यासारख्याला हे वाचून बरं वाटतं. जगाचं एवढं मोठं विमान वाहतुकीचं जाळं, आणि नावाला सात अक्षरांची मर्यादा! कुणीतरी फार पूर्वी ठरवलं आणि आता बदलायची कुणाची छाती होत नाही. प्रत्येक जुन्या सिस्टिममध्ये असा एक रकाना असतोच.

आता १९५३ साल. ड्वाइट आयसेनहॉवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले होते. त्यांचं विमान लॉकहीड कॉन्स्टेलेशन, त्याचं लाडाचं नाव 'कोलंबाइन टू'. कोलंबाइन हे कोलोरॅडो राज्याचं फूल, आणि त्यांच्या पत्नी मेमी यांचं माहेर तिथलं. विमानाचा शेपटीवरचा क्रमांक होता ४८-६१०, म्हणून रेडिओवर नाव 'एअर फोर्स ८६१०'. त्याच भागात, त्याच वेळी ईस्टर्न एअर लाइन्सचं प्रवासी विमान उडत होतं आणि त्याच्या फेरीचा क्रमांकही तोच. दोन वेगळ्या कंपन्या, आकडा एक.

कागदावर यात काही चूक नव्हती. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर ओळख दोन रकान्यांची मिळून होती, ऑपरेटर अधिक क्रमांक, आणि ती जोडी दोघांची वेगवेगळी होती. पण माणसाचा कान जोडी लक्षात ठेवत नाही, आकडा लक्षात ठेवतो. खरखरत्या रेडिओवर 'एअर फोर्स' आणि 'ईस्टर्न' हे शब्द गळून जातात आणि उरतं ते '८६१०'. नियंत्रकाने एकाला सांगितलं 'पाच हजार फुटांवर उतर' आणि ऐकलं दुसऱ्याने, तर काय होईल याचा विचार करा. त्या दिवशी अपघात झाला नाही, गोंधळावरच निभावलं. पण त्यानंतर ठरलं की राष्ट्राध्यक्ष ज्या विमानात असतील त्याला असं नाव द्यायचं, की ते दुसऱ्या कुणाचं असूच शकणार नाही. तेच एअर फोर्स वन.

म्हणजे बघा, हा सगळा थाट मानासाठी सुरू झालेला नाही. एकसारखी नावं असलेली दोन विमानं आकाशात समोरासमोर येऊ नयेत, इतका साधा आणि जिवावरचा प्रश्न होता. आजही एकसारख्या वाटणाऱ्या कॉल साइनची डोकेदुखी आहेच. प्रवासी विमानांच्या क्रमांकात मध्येच अक्षरं घुसलेली दिसतात ना, त्याचं एक कारण हेच, ऐकताना फरक कळावा.

हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते मात्र १९६२ नंतर, केनेडींसाठी नवं बोइंग आलं आणि रेमंड लोवी या डिझायनरने त्याला ते निळं-पांढरं रूप दिलं तेव्हा. त्याआधी लोक विमानांना त्यांच्या नावाने ओळखत. रूझवेल्टचं 'सेक्रेड काऊ', ट्रूमनचं 'इंडिपेंडन्स'. सेक्रेड काऊ म्हणजे पवित्र गाय! हे ऐकून हसू आवरत नाही, पण नाव खरंच तेच होतं.

अमेरिकेचा नियम वाचायला अगदी कोडसारखा आहे. राष्ट्राध्यक्ष सैन्याच्या ज्या दलाच्या विमानात असतील, त्या दलाचं नाव घ्या आणि पुढे 'वन' म्हणा. मरीन कोरचं हेलिकॉप्टर असेल तर मरीन वन. लष्कराची हेलिकॉप्टरं १९७६ पर्यंत हे काम करत, तेव्हा आर्मी वन. १ मे २००३ रोजी धाकटे बुश नौदलाच्या व्हायकिंग विमानातून 'अब्राहम लिंकन' या विमानवाहू नौकेवर उतरले, तेव्हा ते छोटंसं विमान नेव्ही वन झालं. उपराष्ट्राध्यक्ष असतील तर 'वन' च्या जागी 'टू'.

आणि खासगी कंपनीचं विमान असेल तर? तेही झालंय. २६ डिसेंबर १९७३. तेलटंचाईचे दिवस. निक्सन यांनी इंधन बचतीचा संदेश द्यायचा म्हणून वॉशिंग्टनहून लॉस एंजेलिसला युनायटेड एअरलाइन्सच्या नेहमीच्या फेरीत चक्क तिकीट काढून प्रवास केला. त्या फेरीची कॉल साइन 'एक्झिक्युटिव्ह वन' झाली. राष्ट्राध्यक्ष नाहीत पण कुटुंबीय आहेत, तर 'एक्झिक्युटिव्ह वन फॉक्सट्रॉट'. फॉक्सट्रॉट म्हणजे एफ, फॅमिलीचा.

जाता जाता, आपल्याकडे हा नियम असता तर? ८ जून २००६ ला डॉ. कलामांनी पुण्याच्या लोहगावहून सुखोईतून भरारी घेतली. २५ नोव्हेंबर २००९ ला प्रतिभाताई पाटील यांनीही तिथूनच. अमेरिकी हिशोबाने ती दोन्ही लढाऊ विमानं त्या अर्ध्या तासासाठी 'एअर फोर्स वन' ठरली असती. पुणेकरांनी पाटी लावली असती!

निक्सन यांचा विषय निघालाच आहे तर त्यांची दुसरी फेरी सांगतो. माझ्या मते कॉल साइन म्हणजे काय हे याहून चांगलं समजावणारी गोष्ट नाही.

९ ऑगस्ट १९७४. वॉटरगेट प्रकरणात निक्सन राजीनामा देताहेत. सकाळी व्हाइट हाउसमध्ये कर्मचाऱ्यांचा निरोप घेतला, हेलिकॉप्टरने अँड्र्यूज तळावर आले आणि कॅलिफोर्नियाला निघाले. विमान जमिनीवरून उठलं तेव्हा ते अजून राष्ट्राध्यक्ष होते, म्हणून कॉल साइन एअर फोर्स वन. ११ वाजून ३५ मिनिटांनी राजीनाम्याचं पत्र परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या हाती पडलं. १२ वाजून ३ मिनिटांनी तिकडे वॉशिंग्टनमध्ये जेराल्ड फोर्ड यांनी शपथ घेतली. विमान त्या वेळी मिझुरी राज्यावर होतं. पायलट राल्फ अल्बर्टाझी यांनी कॅन्सस सिटीच्या नियंत्रकाला कळवलं, आमची कॉल साइन बदला, आता आम्ही 'सॅम २७०००'. सॅम म्हणजे स्पेशल एअर मिशन आणि २७००० हा त्या विमानाचा शेपटीवरचा क्रमांक.

तेच विमान. तेच पायलट. सीटवर तोच माणूस. ना उंची बदलली, ना दिशा, ना वेग. रेडिओवरचं एक वाक्य तेवढं बोललं गेलं, आणि जगातल्या सगळ्यात ताकदवान पदाची खूण त्या विमानावरून उतरली. फोर्ड तर जमिनीवर होते, त्यामुळे त्या क्षणाला पूर्ण आकाशात एअर फोर्स वन नावाचं विमानच नव्हतं.

याच्या उलट २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये झालं होतं. उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन तिथे वेगळ्या विमानाने आले होते. केनेडींच्या हत्येनंतर त्यांनी केनेडींच्याच विमानात, लव्ह फील्ड विमानतळावर उभं असताना, शपथ घेतली. परतीच्या प्रवासात ते विमान एअर फोर्स वन होतं ते जॉन्सन यांच्यामुळे. केनेडी शवपेटीत होते.

माजी राष्ट्राध्यक्षांसाठी आता एक प्रथा पडलीय. थोरल्या बुश यांचं पार्थिव २०१८ मध्ये नेलं ती फेरी 'स्पेशल एअर मिशन ४१', कारण ते ४१ वे राष्ट्राध्यक्ष. जानेवारी २०२५ मध्ये कार्टर यांच्यासाठी 'स्पेशल एअर मिशन ३९'.

अमेरिकेची गोष्ट लांबली, कारण कागदोपत्री नियम तिथेच सगळ्यात स्पष्ट आहेत. बाकी देश आपापल्या तऱ्हेने करतात. फ्रान्सचं मला आवडतं. तिथे राष्ट्राध्यक्षांचं विमान 'कोताम युनिते'. कोताम हे हवाई दलाच्या जुन्या वाहतूक कमांडचं लघुरूप. आणि 'एक' साठी फ्रेंचमध्ये साधा शब्द आहे 'अं', पण रेडिओवर तो खोकल्यासारखा हरवून जातो, म्हणून त्याऐवजी 'युनिते'. पुन्हा तेच, कानाला नीट ऐकू यायला हवं. ब्रिटनच्या राजघराण्याच्या फेऱ्यांना 'किटीहॉक'. कॅनडाच्या पंतप्रधानांसाठी 'कॅनफोर्स वन'. पोप यांना स्वतःचं विमान नाही, ते इटलीच्या कंपनीच्या विमानाने जातात आणि फेरीचा क्रमांक ठरलेला, ४०००. २०१५ च्या अमेरिका दौऱ्यात मात्र 'शेफर्ड वन' हे नाव गाजलं. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, ख्रिस्ती परंपरेत ते बरोबर बसतं.

पण सगळ्यांना 'वन' लागतंच असं नाही. १० एप्रिल २०१० ला रशियात स्मोलेन्स्कजवळ पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान दाट धुक्यात कोसळलं. लेख काचिन्स्की आणि त्यांच्यासह एकूण ९६ माणसं गेली. ते विमान रेडिओवर पोलिश हवाई दलाचं '१०१' होतं, शेपटीवरचा क्रमांकही १०१. भारदस्त नाव असतं तरी धुकं हटलं नसतं, हे सांगायला नकोच. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये जर्मनीच्या चान्सलर मर्केल जी-२० परिषदेला निघाल्या, तर त्यांच्या विमानाची संपर्क यंत्रणाच बिघडली. विमान नेदरलँड्सवरून फिरवून कोलोनला उतरवलं. दुसऱ्या दिवशी बाई माद्रिदहून इबेरियाच्या साध्या प्रवासी विमानाने ब्यूनस आयर्सला गेल्या.

आता आपल्याकडे या. 'एअर इंडिया वन' हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. कित्येक वर्षं राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांचे लांबचे दौरे एअर इंडियाच्या बोइंग ७४७ वर व्हायचे. नेहमीच्या प्रवासी फेऱ्यांमधून एक जंबो बाजूला काढायचं, आतली रचना बदलायची, एक राखीव ठेवायचं, दौरा झाला की पुन्हा प्रवाशांसाठी. चालवणारी कंपनी एअर इंडिया, म्हणून तिसऱ्या प्रकाराच्या नियमाने कंपनीचं नाव आणि पुढे क्रमांक एक. एअर इंडिया वन. यात गूढ काहीच नाही, आयफ्लाय अमुक-अमुकसारखंच ते.

मग ऑक्टोबर २०२० मध्ये दोन नव्या बोइंग ७७७ मधलं पहिलं दिल्लीत उतरलं. ही विमानं आधी एअर इंडियाच्या ताफ्यात आली होती आणि त्यांच्यावर 'व्हीटी' नोंदणी होती. अमेरिकेत सुरक्षा यंत्रणा बसवून परत आल्यावर ती हवाई दलाची झाली, क्रमांक के७०६६ आणि के७०६७. पायलट हवाई दलाचे, पालमच्या संपर्क स्क्वाड्रनमधले. देखभाल एअर इंडियाच्या इंजिनिअरिंग कंपनीकडे. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली.

इथे जरा थांबा. बातम्यांत आजही सर्रास 'पंतप्रधानांचं एअर इंडिया वन' लिहितात. पण विमान हवाई दलाचं, पायलट हवाई दलाचे आणि एअर इंडिया आता खासगी कंपनी. कॉल साइन चालवणाऱ्याची असते, प्रवाशाची नाही, हे एकदा समजलं की जुनं नाव का बसत नाही ते आपोआप कळतं. ट्रॅकिंग ॲपवर या विमानांच्या नावाच्या जागी 'इंडिया १' असं दिसलेलं आहे. जुन्या जंबोंपैकी शेवटचं एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून उडालं, अमेरिकेला, सुटे भाग व्हायला. उडताना पायलटने पंख हलवून निरोप घेतला. तो व्हिडिओ तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. नसेल तर जरूर बघा.

देशांतर्गत छोट्या फेऱ्यांसाठी हवाई दलाची बोइंग ७३७ आहेत. त्यांची नावं राजदूत, राजहंस, राजकमल. ही विमानांची नावं आहेत, कॉल साइन नव्हे. कोलंबाइनसारखी.

आता मुद्द्याची गोष्ट. अनेकांना वाटतं की 'वन' ऐकलं की नियंत्रक बाकीच्यांना बाजूला सारतात. नाव ऐकून कान टवकारत असतील, पण काम फ्लाइट प्लॅनच्या दुसऱ्याच एका रकान्यात होतं. अठरावा रकाना, 'इतर माहिती'. तिथे 'एसटीएस/हेड' असं लिहिता येतं, म्हणजे ही राष्ट्रप्रमुखाची फेरी आहे. त्याच जागी रुग्ण नेणारी, शोध-बचावाची, मदतकार्याची फेरी असे इतर शब्दही येतात. मार्गातल्या प्रत्येक देशाच्या यंत्रणेला ही खूण दिसते. आणि खरंच एखादं विमान संकटात असेल, इंजिन पेटलंय, इंधन संपतंय, तर त्याचा हक्क सगळ्यांच्या वर. अमेरिकी नियमपुस्तकातही राष्ट्राध्यक्षांच्या विमानाला प्राधान्य आहे, पण संकटातल्या विमानाला आकाशातल्या सर्वांच्या आधी वाट आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे परवानगी. १९४४ च्या शिकागो कराराच्या तिसऱ्या कलमानुसार लष्कर, सीमाशुल्क आणि पोलिसांच्या सेवेतली विमानं 'सरकारी विमानं' ठरतात, आणि अशा विमानांना दुसऱ्या देशावरून जायला त्या देशाची खास परवानगी लागते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पाकिस्तानने आधी राष्ट्रपती कोविंद यांच्या आणि मग पंतप्रधान मोदींच्या विमानाला आपल्या हवाई हद्दीतून जाऊ दिलं नाही. ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाच्या दौऱ्यालाही नकार आला. भारताने हे प्रकरण आयकाओकडे नेलं. आयकाओचं उत्तर होतं की, राष्ट्रनेत्यांना नेणारी फेरी ही सरकारी विमानाची फेरी, ती आमच्या कराराच्या कक्षेत येत नाही. लक्षात घ्या, त्या वेळी विमान एअर इंडियाचं होतं, नागरी कंपनीचं, नागरी कॉल साइनचं. तरीही आत कोण आणि कशासाठी बसलंय यावर त्याचा दर्जा ठरला. साध्या एअर इंडिया फेरीला जो रस्ता मोकळा होता, तो 'एअर इंडिया वन' ला बंद. हे 'वन' कधी कधी महागात पडतं ते असं.

बोलिव्हियाचे राष्ट्राध्यक्ष इव्हो मोरालेस यांनी तर याचा कळस अनुभवला. २ जुलै २०१३ ला मॉस्कोहून घरी निघाले होते. विमानात एडवर्ड स्नोडेन लपलाय असा संशय पसरला, युरोपातल्या देशांनी हद्द नाकारली आणि एका सार्वभौम देशाच्या प्रमुखाला रात्र व्हिएन्नाच्या विमानतळावर काढावी लागली. स्नोडेन विमानात नव्हता.

नाव जसं ओळख देतं तसं उघडंही पाडतं, म्हणून धोक्याच्या दौऱ्यात ते टाकून देतात. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये बुश गुपचूप बगदादला गेले. वाटेत दुसऱ्या एका पायलटने रेडिओवर विचारलं की ते एअर फोर्स वन होतं का, आणि उत्तर मिळालं 'गल्फस्ट्रीम फाइव्ह', म्हणजे एक छोटं बिझनेस जेट. व्हाइट हाउसने हा किस्सा आधी ब्रिटिश एअरवेजच्या नावाने सांगितला, कंपनीने हात झटकले, मग किस्सा बदलला. २६ डिसेंबर २०१८ ला ट्रम्प इराकला निघाले तेव्हा ॲपवर कॉल साइन 'आरसीएच ३५८' होती. आरसीएच म्हणजे 'रीच', मालवाहू लष्करी विमानांचं रोजचं नाव. पण ब्रिटनमध्ये एका छंदी माणसाने निळ्या आकाशात ते निळं-पांढरं जंबो टिपलं, फोटो टाकला आणि गुपित फुटलं. नाव बदलता येतं, रंग कसा बदलणार? फेब्रुवारी २०२३ मध्ये बायडेन कीव्हला निघाले तेव्हा जंबोऐवजी लहान विमान घेतलं आणि कॉल साइन 'सॅम ०६०'.

आता फोन हातात घ्या. ॲपवर दिसणारी कॉल साइन कुठून येते? विमानाचा ट्रान्सपॉन्डर दोन वेगळ्या गोष्टी पाठवतो. एक २४ बिटचा पत्ता, जो विमानाच्या नोंदणीशी बांधलेला असतो. दुसरी फेरीची ओळख, जी कॉकपिटमधून भरली जाते. म्हणजे दुसरी गोष्ट कुणीतरी टाइप केलेली असते. त्यामुळे ॲपवर 'इंडिया १' दिसलं म्हणजे पंतप्रधान आत आहेत याचा तो पुरावा नाही, आणि दिसलं नाही म्हणजे नाहीत याचाही नाही. विमान मध्येच नकाशावरून गायब झालं तर बहुतेक वेळा त्या भागात ॲपवाल्यांचा रिसीव्हर नसतो, किंवा पायलटने प्रक्षेपण बंद ठेवलेलं असतं. मागच्या तणावाच्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट फिरत होता, 'पंतप्रधानांचं विमान गायब'. बघतो तर नोंदणी क्रमांकच वेगळा, ते कुठल्याशा कंपनीचं मालवाहू विमान होतं. म्हणून आधी नोंदणी क्रमांक बघायचा, नाव नंतर. मी एवढंच ग्रुपवर लिहिलं, तर एका काकांनी 'तुला काय कळतं' म्हणून सुनावलं. असो.

लोक हे किती बघतात, तर २ ऑगस्ट २०२२ ला नॅन्सी पेलोसी तैवानला उतरल्या त्या क्षणी 'स्पार १९' ही फेरी फ्लाइटरडार२४ वर ७ लाख ८ हजार जण बघत होते. पेलोसी राष्ट्रप्रमुख नव्हत्या, संसदेच्या सभापती होत्या, म्हणून नाव 'वन' वगैरे काही नाही. दीड महिन्याच्या आत तो विक्रम मोडला. १३ सप्टेंबर २०२२ ला राणी एलिझाबेथ यांची शवपेटी एडिनबराहून लंडनजवळच्या नॉर्थोल्टला नेली, ती फेरी ४७ लाख ९० हजार जणांनी पाहिली. विमान होतं हवाई दलाचं अवाढव्य मालवाहू सी-१७. एरवी त्यातून रणगाडे आणि ट्रक जातात. कॉल साइन मात्र 'किटीहॉक' ठेवली होती, राजघराण्याची.

आजचा भाग इथेच थांबवतो. पुढच्या वेळी ट्रान्सपॉन्डरवरच्या चार आकडी 'स्क्वॉक' कोडबद्दल बोलू. ७५००, ७६०० आणि ७७०० म्हणजे काय, आणि नजरचुकीने ७५०० लागला तर धावपट्टीवर कोण येऊन उभं राहतं, ते तेव्हा.